लाल इंजिन

थिनरचा वास आला की मला बोर्डीतलं सासरचं अंगण आठवतं. २०१६ साल असेल. आमची जुनी जीप चालत होती, पण खाऱ्या वाऱ्यानं इंजिन वरून पार गंजलं होतं. सासरे ती भंगारात काढायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, “बाबा, आठ दिवस द्या.” चिकूच्या सावलीत मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, रॉकेलनं तेलकटपणा पुसला, वायरी कागदानं झाकल्या आणि उष्णता सोसणारा लाल रंग थिनर घालून दिला. रंग वाळल्यावर कागद काढून गाडी चालू केली, तर धूरच धूर! “अगं, बंद कर, पेटेल!” सासरे ओरडले. “रंग पक्का होतोय, बाबा. थोडं थांबा,” म्हणत मी इंजिन चालूच ठेवलं. दहा मिनिटांत धूर विरला. सासरे वाकून लाल इंजिन बघू लागले, मग म्हणाले, “उद्या हिच्यातून चिकू घेऊन डहाणूच्या बाजारात तूच जा.” आज घरात दोन गाड्या आहेत, दोन्हींची बॉनेटं मीच उघडते.