माझ्या बिल्ल्यावर सदूची छाती

जे आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी लिहून टाकतो. मग पुढचं लिहिता येईल. आमच्या पिंपरीच्या कारखान्यात कामगारांच्या छातीची तपासणी झाली, तेव्हा यंत्रापुढे मी उभा राहिलो नव्हतो. माझा नंबराचा बिल्ला छातीला लावून माझ्याच खात्यातला सदू उभा राहिला होता.

त्यानंतर चार महिन्यांनी माझी पुतणी शांता डॉक्टरांपुढे बसली होती. डॉक्टरांनी तिचा एक्स-रे, म्हणजे छातीच्या आतला फोटो, खिडकीच्या उजेडात धरला. उजवीकडे वर पांढुरका डाग होता. "टीबी आहे. क्षय," ते म्हणाले. "घरात कुणाला खोकला आहे?"

"न्हाई," शांता म्हणाली.

मी तिच्या शेजारीच बसलो होतो.

शांता माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ थेरगावला शेती करतो, ती शिक्षणासाठी आमच्याकडे राहायची. तिच्यामुळेच मी वस्तीतल्या मुलींना व्हॉलीबॉल शिकवायला लागलो. शांता धरून अकरा जणी होत्या. चड्डी घालून मुलींनी खेळायचं म्हटल्यावर घराघरांतून विरोध झाला. मी घरचा माणूस, पोरीचा काका, वयानं चाळिशीपुढचा, म्हणून आयांनी पाठवल्या. दुसऱ्या कुणाच्या हवाली त्यांनी केल्या नसत्या.

त्या वर्षी मुंबईत परदेशी महिला संघांबरोबर आपल्या संघाची स्पर्धा ठरली. आपल्याकडच्या मुली निवडायला पुण्यात चाचणी होणार होती. नेमकं त्याच सुमाराला माझ्या थुंकीत रक्ताची रेघ दिसली. औषधाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला तिचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. आजार निघाला असता तर मला इस्पितळात धाडलं असतं, आणि मैदान त्याच दिवशी बंद पडलं असतं. चाचणी होऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं.

यंत्रावरचा माणूस चेहरा बघत नसे, बिल्ल्याचा नंबर लिहून घेई. सदू सकाळी स्वतःच्या नंबरावर जाऊन आला, दुपारी माझ्या. मी त्याला सांगितलं होतं की सर्दी आहे, उगाच घरी बसवतील. तो हसला. "छाती उसनी नेतोयस राव, परत दे म्हणजे झालं."

पावसाळ्यात आम्ही गोदामाचं दार लावून सराव करायचो. मी ओरडायचो, खोकायचो; गोदामातली धूळ आहे, असं पोरींना सांगायचो. शांता माझ्या सगळ्यांत जवळ उभी असायची, कारण जाळीपाशी चेंडू उचलून द्यायचं काम तिचं, आणि मीही तिथंच उभा राहायचो.

पुण्यात तिची निवड झाली. शिबिराला जायच्या आधी डॉक्टरचा दाखला लागत होता. त्यासाठी काढलेला फोटो, तो हा.

मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझी स्पुटम म्हणजे थुंकी तपासली, जंतू निघाले. डाव्या फुफ्फुसात कॅव्हिटी होती, म्हणजे पोखरून पडलेली पोकळी. डॉक्टरांनी कारखान्याचा अहवाल वाचला. "चार महिन्यांपूर्वी स्वच्छ होतात. फारच वेगानं वाढलं म्हणायचं. पुतणीकडून आलं असावं." मी होकाराची मान हलवली.

त्या मान हलवण्याचं पुढे काय झालं तेही लिहितो. बायको म्हणाली, पोरीनं दुखणं घरात आणलं. वस्तीत बोललं गेलं, चड्ड्या घालून नाचल्यावर दुसरं काय होणार. वहिनी थेरगावहून आली आणि माझ्याच पाया पडली. "भावजी, माझ्या पोरीपायी तुमास्नी भोगावं लागतंय."

छातीच्या इस्पितळात आम्ही दोघं होतो, ती बायकांच्या बाजूला, मी पुरुषांच्या. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. तिनं कान वाजतात. वर पीएएस नावाची कडू पूड, ती पोटात ठरत नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर पूड सोडू नका. बरं वाटू लागलं की माणूस सोडतो, आणि तिथंच फसतो. शांताला एपी दिलं, म्हणजे छातीत सुई घालून हवा भरायची, त्या हवेनं आजारी फुफ्फुस दबून निजून राहतं. "काका, आता माझ्यात हवा भरत्यात," ती म्हणाली. "टणाटणा उडंन बघा."

स्पर्धा आम्ही आत असताना झाली. पेपरात चार ओळी आल्या. शांतानं त्या दोनदा वाचल्या आणि विचारलं, परदेशी पोरी उंच असत्यात व्हय? मला माहीत नव्हतं.

दीड वर्षानं दोघं घरी आलो. माझी थुंकी आता स्वच्छ येते. शांताही बरी आहे, पण धावायची मनाई आहे. तिला दोन स्थळं आली. चौकशीत दुखणं कळलं आणि गेली.

इथपर्यंतचं लिहिलेलं मी काल दुपारी तिला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. सदूचा भाग आल्यावर तिचा हात थांबला. मी पुरतं वाचलं. ती शिव्या देईल, रडेल, असं काहीबाही मनात धरून बसलो होतो.

ती म्हणाली, "बाकीच्या पोरींचं फोटू काढलं का?"

नव्हते काढले. माझं दुखणं नंतरचं ठरलं होतं, त्यामुळे शिकवणाऱ्याकडून पोरींना धोका असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि आपल्या मुलीचं नाव या रोगाला जोडायला कुठली आई आपणहून जाते?

"मग जावा की," शांता म्हणाली आणि सूप पुढे ओढलं.

दहा घरं आहेत. प्रत्येक घरी जाऊन मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत: दुखणं माझ्याकडून आलं, शांताकडून नव्हे, आणि मुलीच्या छातीचा फोटो काढून घ्या. दहांतल्या चौघी सासरी गेल्यात. तिथंही जायचं आहे. अजून एकाही घरी मी गेलेलो नाही.