रविराजसरांचा हिरवा ग्लास

माझी बायको हिरा हडपसरच्या एका शाळेत गणित शिकवते आणि दर रविवारी कालव्याच्या कडेने लोणी काळभोरपर्यंत धावत जाऊन परत येते. मी धावत नाही. पाणी आणि केळी घेऊन मोटारसायकलवर मागे असतो, त्यामुळे धावणाऱ्यांचा मूर्खपणा मला फार जवळून बघायला मिळतो.

हिराला थायरॉइड आहे. उठल्या उठल्या उपाशीपोटी गोळी, हे वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग ती रविराजच्या ग्रुपमध्ये गेली. हा मनुष्य आधी फ्लॅट विकायचा, आता फिटनेस विकतो. रोज पहाटे धावण्याआधी सगळ्यांनी मैदानावर गोल उभं राहून त्याच्या पावडरचं हिरवं पाणी प्यायचं आणि त्याचा फोटो काढायचा, हा तिथला नियम. मी एकदा चाखलं. शेवाळलेल्या टाकीतलं पाणी बरं. शिकलीसवरलेली माणसं ते हसत हसत पितात, याचीच मला शिसारी आली.

हिरा घरी गोळी घ्यायची आणि लगेच मैदानावर जाऊन तो ग्लास रिचवायची. काही महिन्यांत तिचे पाय जड झाले, चेहरा सुजला, केस मुठीमुठीने गळायला लागले. डिसेंबरात तिला आयुष्यातली पहिली बेचाळीस किलोमीटरची शर्यत धावायची होती आणि इथे जिना चढताना ती कठडा धरत होती. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला, तरी रिपोर्ट बिघडलेलाच. रविराज सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, आजार शरीरात नसतो, मनात असतो. गोळ्या सोडा, ग्लास दोन घ्या." हिरा घरी येऊन रडली. शर्यतीतून नाव काढून घेते म्हणाली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, गोळीनंतर लगेच पोटात काय जातं?" पावडरचा डबा बघून त्यांनी कपाळाला हात लावला. त्यात कॅल्शियम होतं, लोह होतं. ही दोन्ही थायरॉइडची गोळी अंगी लागू देत नाहीत. मध्ये चार तास तरी हवेत. म्हणजे बाई रोज औषध गिळत होती आणि ते निम्मंशिम्मं वाया जात होतं.

हिराने हे ग्रुपवर लिहिलं. रविराजने मेसेज उडवला. संध्याकाळी श्रद्धाचा फोन आला. ही बँकेत अधिकारी, हिराच्या बरोबरीने धावणारी. "मीपण थायरॉइडची गोळी घेते गं, ग्लासच्या जरा आधीच. सरांना सांगू नकोस, ते मला टीममधून काढतील."

मला किळस आली. पन्नाशीची बाई स्वतःचं दुखणं एका पावडरवाल्यापासून लपवते.

रविवारी हिरा मैदानावर नुसतं पाणी घेऊन उभी राहिली आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी हा ग्लास आत्ता घेऊ नका. मी घेत होते, म्हणून माझी ही अवस्था झाली." नाव तिने कोणाचंच घेतलं नाही. श्रद्धाकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविराज हसला. "ज्यांना शंका आहे त्यांनी बाजूला व्हावं. बाकीचे टीममध्ये."

कोणी हललं नाही. हिरा एकटीच वळली आणि कालव्याच्या दिशेने धावू लागली. जड पायांनी, पण धावू लागली. मी मोटारसायकलला किक मारली. निघताना मागे पाहिलं, तर श्रद्धा आपला रिकामा ग्लास उलटा करून रविराजला दाखवत होती, थेंबही उरला नाही म्हणून.