बांगडीच्या जागी घड्याळ

नागापूरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन कानिफनाथ नेवाशाजवळच्या आपल्या गावी परतले आणि कवी झाले. कवी म्हणजे दशक्रियेचे. प्रवरेच्या घाटावर कुणाचाही दहावा असो, प्रवचनाआधी माइक त्यांच्याकडे यायचा आणि ते म्हातारपणावरची आपली कविता म्हणायचे. कविता एकच. नाव तेवढं बदलायचं.

बांगडी सरकते कोपरापाशी, हात झाला काडी,
दारात बसून वाट पाहते थकलेली ही कुडी.

इथं आलं की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. भाषणासाठी थांबलेले पुढारीसुद्धा गॉगल काढायचे. या कवितेतली म्हातारी कधी कुणाशी भांडायची नाही, सुनेला टोमणा मारायची नाही, तिला भूकही लागायची नाही. नुसती वाट पाहत बसायची. ती कुणाच्याही आईला लागू पडायची, कारण गेलेल्या माणसाची मापं कोण काढतं? कानिफनाथांना शाल मिळायची, नारळ मिळायचा, आणि लोक कविराज म्हणायचे.

एकदा जवळच्याच एका गावातून योगेश नावाच्या तरुणाचा फोन आला. वडिलांची, सूर्यभानआबांची पंच्याहत्तरी होती, कविता पाहिजेच म्हणाला. एवढे दहावे झाले होते की कानिफनाथांना आता घरं लक्षात राहत नव्हती. जिवंत माणसासाठी नवी कविता लिहावी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण जमलेली सोडून न जमणारीच्या मागे कोण लागणार? त्यांनी बांगडीच्या जागी घड्याळ घातलं आणि गेले.

मांडवात कविता सुरू झाली. पुढच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. योगेशनं मान खाली घातली. सूर्यभानआबा मात्र ओठ हलवत बरोबरीनं म्हणत होते. आपली कविता लोकांना पाठ आहे, म्हणून कानिफनाथांचा आवाज आणखी चढला. घड्याळ आलं आणि आबांचे ओठ थांबले.

सत्कार झाल्यावर आबांनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

"कविराज, आमच्या मंडळीच्या, साळूच्या दहाव्याला तुमी हीच म्हनली हुती. तवापास्नं मी रोज म्हनतो. मला वाटलं, तिच्यासाठीच लिव्हलेली हाय."

कानिफनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चूक झाली, आबा," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"त्ये जाऊ द्या. एक इचारायचं हुतं. साळूच्या बांगड्या साबन लावूनबी निघत नव्हत्या, असं मला वाटतं. लई जाड हुती ती. पन कविता म्हनून म्हनून आता डोळ्यापुढं येती ती काडीवानी. मला काय उमजंना. कवी मानसाला आमच्यापरीस जास्त दिसतं. तुमी तिला बघितलं हुतं ना?"

हो म्हटलं असतं तर झाकली मूठ तशीच राहिली असती. आबा तर त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होते. पण खांद्यावरच्या नव्या शालीचीसुद्धा कानिफनाथांना आता लाज वाटत होती. साळूबाई दिसायला कशा होत्या, हे त्यांनी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

"न्हाई, आबा," ते मान खाली घालून म्हणाले. "मी त्यान्ला कधीच बघितलं न्हाई."

सूर्यभानआबांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"मंग जाडच हुती," ते म्हणाले.