झाडामागचे दोन फटके

“शेठ, झाडामागचे दोन राहिले.”

एवढंच म्हणायची ती, तेही गोल्फची बॅग खांद्यावर चढवता चढवता. स्पर्धेच्या दिवशी, फटके कमी दिसावेत म्हणून, शेठ नुकतेच “पाच” म्हणालेले असायचे. मग ते काहीतरी आठवल्यासारखं करायचे आणि कार्डावर सात लिहायचे.

उधव्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीजवळ एका रिसॉर्टचं नऊ होलचं मैदान होतं. अठरा खेळायचे तर तेच दोनदा फिरायचं. २०१४ पासून पाच वर्षं मी तिथे ऑफिसात होतो आणि ती कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारी. सगळे तिला मावशी म्हणत. मूळची वरोरची, कोळ्याघरची. मुलगा तलासरीला कारखान्यात लागला म्हणून इकडे आली आणि मैदानावर गवत काढू लागली. मारणाऱ्याच्या आधी चेंडू तिलाच दिसतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि तिच्या हातातला विळा जाऊन खांद्यावर बॅग आली.

हँडिकॅपचं काम माझ्याकडे होतं. तुम्ही गोल्फच्या वाटेला गेला नसाल तर थोडक्यात सांगतो. कच्च्या खेळाडूला पक्क्याबरोबर खेळता यावं म्हणून त्याला काही फटक्यांची सूट मिळते. चोवीस हँडिकॅपवाला शहाण्णव फटक्यांत परतला, तर चोवीस वजा करून बहात्तर धरायचे. ही सूट ठरवायला शेवटच्या वीस कार्डांतली सगळ्यात चांगली दहा घ्यायची, मैदानाच्या अवघडपणाशी ताडून सरासरी काढायची आणि त्यातूनही थोडं छाटायचं.

हे मी एकदा मावशीला समजावलं. मला वाटलं, ती विचारेल, वाईट दिवस का नाय धरायचे? पण ती म्हणाली, “बरोबर हाय. वाईट कोणपण मुद्दाम खेळेल. चांगलं मुद्दाम खेळून दाखवा म्हणावं.”

आमचे शेठ नेमके सूट वाढावी म्हणून मुद्दाम वाईट खेळणाऱ्यांतले. वापीकडे त्यांचा कारखाना होता आणि हँडिकॅप होता चोवीस. स्पर्धा नसताना कार्ड भरायचं असलं की चेंडू तळ्यात, चिंचेत, कुठेही जायचा. कार्ड नसलेल्या दिवशी मात्र असा सुरेख खेळायचे की माळीसुद्धा पाइप सोडून बघत उभा राहायचा. वार्षिक कप त्यांनी ओळीने दोनदा नेला. बाकीचे सदस्य कुरकुरायचे आणि त्यांच्याच पैशाने चहा प्यायचे.

तिसऱ्या वर्षी, कपाला पंधरा दिवस असताना, मावशी ऑफिसात आली आणि चपला काढून खुर्चीवर बसली.

“भाऊ, लिवा. दिवाळीच्या आदल्या रविवारी. पहिल्याला चार, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला चार...”

“कुणाचं?”

“शेठचं. कार्ड नाय भरलं त्या दिवसांचं.”

दोन दुपारी ती बोलत होती आणि मी लिहीत होतो. असे अकरा खेळ, प्रत्येकाचे अठराच्या अठरा होल. मधेच मी गंमत म्हणून मागचा आकडा चुकीचा वाचून दाखवला, तर म्हणाली, “तिकडे त्यांचा चेंडू वाळूत होता. पाच कसे होतील?”

पण तिच्या आठवणीवर नियम चालत नाही. सोबत खेळणाऱ्याची सही लागते. त्या अकराही दिवशी शेठबरोबर डहाणूचे एक डॉक्टर होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे न बघता अकरा सह्या केल्या. कमिटीने शेठचा हँडिकॅप पंधरावर आणला.

शेठ तावातावाने आले. “कोणी सांगितलं हे?”

मी तोंड उघडायच्या आत मावशी दारातून म्हणाली, “मी.”

“एक बाई माझा हँडिकॅप ठरवणार? मॅनेजरसाहेब, ही राहील नायतर मी राहीन.”

शेठबरोबर दर रविवारी दोन गाड्या भरून पाहुणे येत. मॅनेजर मावशीकडे न बघता म्हणाले, “कप होऊ दे. मग बघू.”

“काढायचं तर काढा,” मावशी म्हणाली. “कागद नका फाडू.”

कपाच्या सकाळी शेठनी दुसरा कॅडी मागितला. आता यात माझा हात होता हे कबूल करतो: बाकीच्या सगळ्या कॅडींना मी उजाडायच्या आत एकेक बॅग वाटून टाकली होती. राहिली मावशी.

चार होल दोघं बोलली नाहीत. पाचव्यावर वारा फिरला आणि शेठना राहवलं नाही. “कितना है?” ते झेंड्याकडे बघत पुटपुटले. मावशीने सात नंबरची काठी काढून त्यांच्या हातात दिली. चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यानंतर ते रागाने खेळत होते की आनंदाने, हे मावशीलाही कळलं नाही. चौऱ्याऐंशी फटके, वजा पंधरा, एकोणसत्तर. एका फटक्याने त्यांनी कप जिंकला.

संध्याकाळी मॅनेजरनी हळूच विचारलं, “शेठ, त्या बाईचं...”

“कोणती बाई?” शेठ कपाला रुमालाने पुसत म्हणाले. “मावशी? ती गेली तर मला वाऱ्याचं कोण सांगेल?”

त्या कार्डाने त्यांचा हँडिकॅप आणखी खाली आला, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. आदल्या दिवशी त्यांचा चेहरा फार छान दिसत होता.

२०१९ मध्ये मावशीचे गुडघे बोलू लागले आणि ती वरोरला परत गेली. कॅडींच्या बाकावरची तिची जागा बरेच दिवस कुणी घेतली नाही.

थंडीत एका रविवारी मी तिला भेटायला गेलो. अंगणाबाहेर शेठची गाडी उभी होती. मावशी पाटावर बसून बोंबील साफ करत होती आणि वाऱ्याची बाजू धरून, नाकाला रुमाल लावून शेठ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. सकाळचा खेळ ते तिला होलवार सांगत होते. ती मान हलवत होती.

“सातव्याला?” तिने विचारलं.

“पाच.”

मावशीचा हात थांबला. तिने वर पाहिलं.

शेठनी नाकावरचा रुमाल काढला. “सहा,” ते म्हणाले.