चष्मा काढून पाहिलेला जावई

आमच्या शेजारच्या काकांना अख्ख्या रत्नागिरीत आजवर कुणी फसवू शकलेलं नाही, कारण त्यांनी कुणाला जवळच येऊ दिलेलं नाही. निवृत्तीनंतर ते मोबाइलवर मानसशास्त्राची व्याख्यानं ऐकायला लागले आणि सगळं गाव त्यांना संशयित दिसायला लागलं. पहिला ऐकलेला भाव डोक्यात रुतून बसतो, म्हणून मासेवाली दारात आली की हे आधी कानांत बोटं घालायचे. तिला बिचारीला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मग बांगड्याचा भाव ती इतक्या मोठ्याने सांगायची की तो अख्ख्या आळीच्या डोक्यात रुतून बसे. मी एकदा वाटीभर सांदणं घेऊन गेले, तर म्हणाले, "फुकट घेतलं की माणूस मिंधा होतो. तुझं काम काय ते आधी सांग." काम कसलं डोंबलाचं! फणस पिकला होता, इतकंच.

काकू गेल्यापासून घरात बापलेकच. त्या लेकीने, मीनलने, पाली गावचा एक मास्तर पसंत केला. बाबांनी हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही, असं ती सांगून बसली होती, आणि काकांनी तर आयुष्यात साध्या छत्रीलाही पटकन हो म्हटलेलं नाही. मुलगा यायच्या दिवशी 'बाहेरच्या माणसाचं मत' म्हणून मला बसवलं. माणूस देखणा असला की त्याचे गुणही चांगलेच वाटतात, हा म्हणे हेलो इफेक्ट. तो टाळायला काकांनी चष्मा काढून खिशात घातला. मुलाने आणलेल्या आंबावडीला हात लावला नाही. मग त्या धूसर आकृतीची उलटतपासणी सुरू झाली. पोरगा शांतपणे उत्तरं देत राहिला, तर "शांत आहे म्हणजे तयारी करून आलाय" असं काकांनी माझ्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

शेवटी मीनलच म्हणाली, "बाबा, त्याचं राहू दे. माझ्याकडे बघा."

काकांनी चष्मा लावला. केव्हापासून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते समोर बसून त्यांना दिसलंच नव्हतं. बराच वेळ ते लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनी आंबावडीचा तुकडा उचलून तोंडात टाकला. मिंधं व्हायचं त्यांनी ठरवलं होतं.

मीनल आता पालीला असते. मासेवाली आली की काका कानांत बोटं घालत नाहीत. ती सांगेल तो भाव ऐकतात आणि तिच्या लेकीची चौकशी करतात. परवा स्वतः केलेलं बांगड्याचं तिखलं वाटीत घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मी गमतीने विचारलं, काम काय ते आधी सांगा.

"काम काही नाही गं," ते म्हणाले. "बसू का थोडा वेळ?"