तोच प्लॅन, फक्त उलटा

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, हातात ग्लोव्हज, म्हणून आधी उचललाच नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा कोपरानं स्पीकर लावला. विजयाकाकूंच्या शेजारच्या लिन आंटी होत्या. "युअर आंटी फॉल डाऊन. अँब्युलन्स कमिंग. यू कम, फास्ट फास्ट." काकू दुपारच्या झोपेतून उठल्या आणि पडल्या, एवढंच कळलं. मी आंग मो किओला, काकूंच्या घरी, पोचेपर्यंत त्यांना नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर काकू घरी आल्याच नाहीत... आता काही आठवडे झालेत, आणि मी हे भराभर टाईप करतेय, कारण थांबले की पुढचं सुचत नाही.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. पोस्टडॉकसाठी सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली, इतकंच. पहिल्याच दिवशी नियम सांगितला त्यांनी, "भाड्यात चहा धरलाय, गप्पा नाही. गप्पा मारायच्या तर भाजी निवडायची." मग काय, मी इथल्या सगळ्या पालेभाज्या निवडायला शिकले. पुण्यात ड्राफ्टिंगचा कोर्स करून, लग्न होऊन त्या इथं आल्या आणि रिटायर होईपर्यंत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सरकारी घरांचे प्लॅन काढत राहिल्या. काका लवकर गेले. मुलगा, निखिलदादा, मेलबर्नला. आणि काकूंना शहर दाखवायची फार हौस, म्हणजे शहरात जे आता नाही ते दाखवायची. बसमधून बीच रोड लागला की, "विचार, बीच कुठंय." मी विचारायचे. "समुद्रात भर घालून घालून ढकलला पार तिकडं." बिशान स्टेशनवर उतरलो की जिन्यातच थांबायच्या, मागचे लोक वैतागायचे, "इथं चिनी लोकांची स्मशानभूमी होती गं. थडगी उकरली, अस्थी हलवल्या, आणि वर आम्ही घरं बसवली, शाळा बसवल्या." मी म्हटलं, काकू, भीती नाही वाटली? "कसली भीती? जिवंतांना झोपायला जागा नव्हती. मेलेले सरकले जरा." त्या 'आम्ही' म्हणायच्या ना, जणू सगळं यांच्याच टेबलावर झालं. झोपड्यांच्या वस्तीतून उचलून फ्लॅटमध्ये टाकलेल्या म्हाताऱ्यांचंही सांगायच्या. ते दिवसभर खाली ब्लॉकच्या मोकळ्या मजल्यावर बसून राहायचे, वर कुठलं दार आपलं ते कळायचं नाही. "मग?" "मग काय, शिकतात. माणूस मांजरापेक्षा हुशार असतो."

मग त्यांच्याच ब्लॉकची पाळी आली. ब्लॉक पाडून तिथं उंच इमारती होणार, भरपाई मिळणार, नवीन टॉवरमध्ये घर हवं तर तेही मिळणार. मला वाटलं रडतील. काकूंनी चष्मा लावून नोटीस वाचली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. इतक्या मोक्याच्या जागी इतका बुटका ब्लॉक मीही ठेवला नसता." मग लसूण सोलायला बसल्या. कशात लागणार नव्हता, तरी घरात होता तेवढा सगळा सोलला.

त्या आठवड्यात निखिलदादाचा रोज फोन. तो मराठी छान बोलतो, पण वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' सुटत नाही. "आई, बास ला. इकडे ये. एकटी कशी राहणार तू?" "काल राहिले तशी." "अँड इफ यू फॉल?" "पडले तर उठेन. तू लहानपणी किती पडलायस, मी तुला भारतात पाठवलं का?" शेवटी तह झाला. जोवर एकटीला सगळं जमतंय तोवर राहायचं. घरात गोंधळायला लागली, धडपडायला लागली, की काही न बोलता मेलबर्न. काकू हो म्हणाल्या, पण फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिथं मी पाहुणी असेन गं. नातवंडांनी मला रूम दाखवायची आणि मी थँक्यू म्हणायचं..."

टॉवरमधलं घर त्यांनी नाकारलं. "नवीन प्लॅन शिकायचा कंटाळा आलाय मला." त्याच टाऊनमधल्या दुसऱ्या जुन्या ब्लॉकमध्ये त्यांच्या घरासारखी दोन घरं विकायला होती, अगदी तोच ठरलेला प्लॅन. एक हुबेहूब, पण पश्चिमेच्या उन्हात भाजणारं. दुसरं गार, वाऱ्याचं, पण उलटं. म्हणजे डावीकडचं सगळं उजवीकडे. त्यांनी उलटं घेतलं. एजंट म्हणाला, आंटी, नीट विचार करा. "अरे, मी जन्मभर हेच केलंय," असं त्याला मराठीत म्हणाल्या, त्याला काय कळणार. मग मला समजावलं, की एक फ्लॅट काढायचा, ट्रेसिंग पेपर उलटा करायचा, जिन्यापलीकडचा फ्लॅट तयार. "अर्धं शहर असं उलटं करून काढलंय आम्ही. कागद तोच असतो, मनू." मला तर इतकं भारी वाटलं होतं ते, मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले.

सामान लावायला मी होते. काकू मध्ये उभ्या राहून, वर्तमानपत्राची गुंडाळी हलवत, पलंग कुठं, फ्रिज कुठं, सगळं उलटं लावून घेत होत्या. संध्याकाळी बघितलं तर जुनं घर आरशात दिसावं तसं दिसत होतं. मला गंमत वाटली. काकूंना समाधान. तोवर माझा भाऊ इथं शिकायला आला होता, म्हणून आम्ही दोघांनी बिशानला भाड्यानं घर घेतलं होतं, एकच स्टेशन पलीकडे, आणि दर रविवारी मी काकूंकडे. गेले की त्या हॉलमध्ये खुर्चीत तयार बसलेल्या, चहा थर्मासमध्ये, कप बाहेर, डब्यात चिवडा. मी निघेपर्यंत त्या खुर्चीतून उठायच्या नाहीत. मला तो लाड वाटायचा. "जमलं का घर?" मी विचारायचे. "न जमायला काय झालं? माझ्या हातचं आहे."

हॉस्पिटलमध्ये निखिलदादा आला तो थेट विमानतळावरून. "आई, डन ला. आता माझ्याबरोबर." काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझा हात धरला. ऑपरेशननंतर आवाज पार बसला होता. "मनू, सांग त्याला. फरशी ओली होती. मी घरात चुकत नव्हते." मी सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, की दादा, मी दर रविवारी बघतेय, काकू एकदम सेट आहेत, जुन्या घरापेक्षा जास्त. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "ओके. पाय बरा होऊ दे, मग घरी." काकूंनी डोळे मिटले. त्या दिवशी ती बेचव पेज त्यांनी सगळी संपवली. मग छातीत कफ झाला, ताप चढला, आणि... असं झालं. विद्युतदाहिनीच्या हॉलमधून आमच्या आधीचं कुटुंब बाहेर पडत होतं, आमच्या नंतरचं दाराशी थांबलं होतं. सगळं वेळेत झालं.

दादाला परत जायचं होतं. घर रिकामं करून, रंगवून विकायला काढायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलं. पलंग निघाला, कपाट निघालं, आणि रंगारी अंकल बेडरूममध्ये थांबला. "दिस वॉल व्हेरी ऑइली." मी बघितलं. पांढऱ्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, तळव्यांचे तपकिरी डाग. एकावर एक, किती ते कळत नव्हतं. काकू जेवल्यावर गुडघ्यांना खोबरेल चोळून आडव्या व्हायच्या. पलंग जिथं होता तिथं मी उभी राहिले. तिथून उठलं की ती भिंत डाव्या हाताला येत होती. जुन्या घरात बरोब्बर तिथं दार होतं.

लिन आंटी दारात येऊन उभ्या होत्या. त्या दिवशी हाक ऐकून, त्यांच्याकडच्या चावीनं आत त्याच आल्या होत्या. मी विचारलं, कुठं पडल्या होत्या काकू? बाथरूमच्या तिथं ना? "नो, नो. हिअर," त्या म्हणाल्या आणि भिंतीखालची फरशी दाखवली. "दिस फ्लोअर, ड्राय."

रोज. झोपेतून उठून रोज त्या भिंतीत दार शोधत होत्या, आणि रविवारी खुर्चीत बसून मला चिवडा देत होत्या.

मी दादाला फोन लावला नाही. काय सांगणार... की तुझंच बरोबर होतं, आणि तिनं ते तुला कळू दिलं नाही, आणि मी मध्ये उभी राहून साक्ष दिली? इथं लिहितेय, कारण त्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. ओळखीच्या कुणी हे वाचलं तर कृपा करून त्याला वाचून दाखवू नका.

अंकलनं विचारलं, "पेंट ओव्हर?" मी हो म्हटलं. पहिला कोट वाळला आणि तेल पुन्हा वर आलं, फिकट, पण पाचही बोटं ओळखू येतील इतकं. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसरा डबा उघडला.