वनिताच्या आईला मी काय सांगितलं

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे, वडील वाशीच्या मार्केटात हमाल, राहायला तुर्भ्याला. मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. वनिता माझ्या वर्गात — घणसोली गावातली, आगऱ्यांची. तिच्या घरी गेले की न विचारता माझं ताट वाढलं जायचं, इतकी मैत्री.

आणि मी तिच्यावर जळत होते. जळणं म्हणजे काय, माहितीये? तिचं कौतुक झालं की माझा सगळा दिवस नासायचा. रक्त काढायला शिकताना तिला पहिल्या खेपेला शीर सापडायची. मी टोचलं की समोरचा कळवळायचा. सर म्हणायचे, वनिता कसं करते ते बघ. ती तर न मागता मला शिकवायलाही बसायची — त्याचा जास्तच राग यायचा.

शेवटच्या वर्षी सर म्हणाले, रक्तातून होणाऱ्या काविळीची लस सगळ्यांनी घ्या. सक्ती नव्हती, पण घेईल त्यालाच मोठ्या हॉस्पिटलात ट्रेनिंगला पाठवणार होते. मुलींमधून एकीलाच जागा. ती कुणाची, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

मी लस घेतली. दंड जरा दुखला, बस. वनिता म्हणाली, घरी विचारून घेते. तिच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे गेले, तर ती दुकानात गेलेली. आई कोळंबी सोलत बसली होती. तिनं मला विचारलं, "तू शिकलेली हाय. त्या इंजेक्शनानं पोरीला काय व्हनार नाय ना?"

काही होत नाही — एवढंच तर सांगायचं होतं! मी म्हणाले, "काकू, लग्न व्हायच्या पोरींनी थांबलेलं बरं. पुढे मूल राहायला त्रास होतो म्हणतात."

म्हणतात. कोण म्हणत होतं? मीच. मी स्वतः घेतली, हे सांगितलं नाही.

काकूंनी तिला शपथ घातली. वनिता माझ्याकडेच येऊन रडली. मी म्हटलं, आईचं मन मोडू नकोस. जागा मला मिळाली.

तिला एका छोट्या लॅबमध्ये पाठवलं. तिथे लस घेतली का, हे कुणी विचारलंच नाही. एका पेशंटची वापरलेली सुई तिच्या बोटात गेली. पुढे काही महिन्यांनी डोळे पिवळे झाले, अंथरूण धरलं. जगली ती — पण डॉक्टर म्हणाले, रोग रक्तात राहिलाय. ठरत आलेलं लग्न मोडलं. पुन्हा तिनं सिरिंज हातात धरली नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिच्या वडिलांनी काकूंना विचारलं, लस नको म्हणून तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? मी तिथेच उभी होते. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कोनी नाय. माजीच मती फिरली."

नंतर मला बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवला. "तू पन पोरच. तुला तरी काय म्हाईत."

मला माहीत होतं. अजाण समजून त्यांनी मला वाचवलं, आणि मी — वाचले. घरानं वर्षानुवर्षं त्यांना बोल लावले. त्या मान खाली घालून ऐकायच्या. मी त्यांच्या हातचं जेवून घरी यायचे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. दहाव्याला वनिता माझ्याशेजारी बसली. हळूच म्हणाली, "आईच्या अडाणीपणानं माझं वाटोळं झालं. तिला मी शेवटपर्यंत माफ केलं नाही. चुकलं का गं माझं?"

मी नुसती मान हलवली — नाही म्हणून.